'प्रिझर्व्हेटिव्ह' म्हणजे नेमकं काय, आणि लेबलवर काय लिहायचं?

शिरोळ तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा गट कांदा-लसूण चटणी, कैरीचं लोणचं आणि जांभळाचं सरबत करतो. मुंबईच्या एका दुकानदारानं त्यांना लेबलवर इंग्रजीत 'नो प्रिझर्व्हेटिव्ह' छापून आणायला सांगितलंय. त्या विचारतात, "या शब्दाचा नेमका अर्थ काय? मराठीत काय लिहायचं? मीठ आणि तेल तर आम्ही सढळ हातानं घालतो, ते यात येतं का? आणि मुलगा म्हणतो, प्रिझर्व्हेशन, प्रिझर्व्हेटिव्ह सगळं एकच. ते खरं का?"

ताई, मुलाचं म्हणणं आधी घेते. एकच नाही. प्रिझर्व्ह म्हणजे राखणं, टिकवणं. प्रिझर्व्हेशन ही ती क्रिया: कैरी खारात घालणं, सांडगे उन्हात वाळवणं, दूध तापवून ठेवणं. आणि प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे त्या कामासाठी पदार्थात घातलेली वस्तू. उन्हानं सांडगे टिकतात, पण ऊन काही प्रिझर्व्हेटिव्ह नव्हे. फ्रीजही नव्हे. जे पदार्थात पडतं, पदार्थाबरोबर राहतं आणि पोटात जातं, त्यालाच हा शब्द. बाजारात "ह्यात प्रिझर्व्हेशन घातलंय" असं सर्रास बोलतात, लेबलवर ते छापू नका.

आणखी एक घोळ इथंच मिटवू. इंग्रजीत नुसतं 'प्रिझर्व्ह' हे नामही आहे, आणि त्याचा अर्थ मुरांबा. आपल्या अन्न नियमांतही मुरांब्याला हाच शब्द आहे. त्यामुळं मोरावळ्याच्या बरणीवर 'आमला प्रिझर्व्ह' लिहिलं असेल, तर त्यात काही औषध घातलंय असा अर्थ होत नाही. मी स्वतः एका ग्राहकाला दुकानात उभं राहून हे समजावलंय. बरणी परत करायला आले होते बिचारे. 'प्रिझर्व्हेटिव्ह'च्या उच्चाराचं म्हणाल तर जोर 'झ'वर द्यायचा आणि 'व्हे' न ताणता 'व्ह' हलका सोडायचा.

आता मूळ शब्द. लॅटिनमध्ये 'प्रे' म्हणजे आधी आणि 'सर्व्हारे' म्हणजे राखणं. आधीपासून राखून ठेवायचं, बिघडल्यावर दुरुस्त करायचं नाही. हे 'आधी' मला फार महत्त्वाचं वाटतं, पुढं त्याच्याकडं परत येते. जुन्या इंग्रजीत प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे रोग होऊ नये म्हणून घ्यायचं औषध, असाही अर्थ होता. आपल्याकडं शनिवार-रविवारच्या बाजारात बायका लोणच्याची बरणी उचलून "ह्यात औषध घातलंय काय ओ?" असं विचारतात, तेव्हा मला तो जुना अर्थच आठवतो. भाषा वेगळी, पण मनातली कल्पना एकच.

याच औषधाच्या अर्थातून युरोपातल्या बऱ्याच भाषांत शब्द भलतीकडं गेला. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, रशियन या भाषांत प्रिझर्व्हेटिव्हसारखा दिसणारा शब्द म्हणजे निरोध. उद्या तुमचा माल परदेशी गेला आणि कुणी घाईत लेबलचं भाषांतर केलं, तर हा धोका खरा आहे. फ्रेंचमध्ये अन्नातल्या पदार्थासाठी 'काँसेर्व्हातर' म्हणतात, इटालियनमध्ये 'कोन्सेर्व्हान्ते'. भाषांतर त्या भाषेच्या जाणकाराकडूनच करून घ्या.

मराठीत पारिभाषिक शब्द आहे 'परिरक्षक'. शब्द चांगला आहे, पण बरणीवर वाचून कुणाला काही कळत नाही, म्हणून मी लेबलवर 'प्रिझर्व्हेटिव्ह' असंच देवनागरीत लिहायला सांगते. 'संरक्षक' लिहू नका, त्यानं भिंतीची आठवण होते. 'संवर्धन'ही नको. अंबाबाईच्या मूर्तीवर 2015 मध्ये पुरातत्त्व खात्यानं जे केलं त्याला आपण रासायनिक संवर्धन म्हणालो, आणि तो शब्द तिथं योग्यच. त्याच्यासाठी इंग्रजीत कॉन्सर्व्हेशन आहे. तुमच्या बरणीचं काम वेगळं.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी एवढं लांबलचक उत्तर लिहायला बसले. प्रिझर्व्हेटिव्ह हा शब्द एकटा अर्धाच असतो. कशापासून राखायचं, हे सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही. आणि इथं मराठीची मोठी मदत होते. इंग्रजीत बहुतेक सगळ्याला 'स्पॉइल' हा एकच शब्द चालून जातो. आपल्याकडं दूध नासतं, आमटी विटते, पीठ आंबतं, भाकरी बुरसते, खोबरं खवट होतं, तांदूळ किडतो, गूळ पाझरतो, आंबा सडतो. आपल्या आज्यांनी प्रत्येक बिघाडाला वेगळं क्रियापद दिलंय, कारण प्रत्येकाचा शत्रू वेगळा. माझ्याकडं कुणी "माल टिकत नाही, कुठलं प्रिझर्व्हेटिव्ह घालू?" म्हणून आलं की माझा पहिला प्रश्न हाच: टिकत नाही म्हणजे काय होतं? बुरसतो, आंबतो, की खवट होतो?

भारतीय अन्न कायद्यात प्रिझर्व्हेटिव्हची व्याख्या अगदी नेमकी आहे: पदार्थाचं आंबणं, आंबट होणं किंवा इतर कुजणं रोखणारी, लांबवणारी किंवा थांबवणारी वस्तू. म्हणजे शत्रू मुख्यतः सूक्ष्मजीव. खवटपणा यात बसत नाही. खवटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळं तेलात होतो, आणि त्याला रोखणाऱ्या वस्तूंचा वर्ग कायद्यात वेगळा आहे, अँटिऑक्सिडंट. बोलीत इंग्रज माणूसही दोन्हींना प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून मोकळा होतो, पण लेबलवर वर्ग वेगळे लिहावे लागतात.

तुमच्या कांदा-लसूण चटणीला हे कसं लागू होतं बघा. मिरची कडकडीत वाळलेली, कांदा-लसूण खरपूस तळलेला, खोबरं आणि तीळ भाजलेले, वर तेल आणि मीठ. पाणी जवळजवळ नाही. पाणी नाही म्हटल्यावर बुरशीला आणि जिवाणूंना तिथं वाढता येत नाही. तुमची चटणी बिघडतेच तर दोन तऱ्हांनी. एक, खोबऱ्या-तिळाचं तेल खवट होतं. दोन, कांदा नीट न तळता मऊ राहिला, किंवा ओला चमचा बरणीत गेला, आणि त्या जागी पांढरी बुरशी धरली. पहिल्यावर सोडियम बेन्झोएट, म्हणजे बाजारात मिळणारं नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह, उपयोगाचं नाही, तो त्याचा शत्रूच नव्हे. दुसऱ्यावर इलाज कढईत आहे: कांदा चिमटीत धरून दाबला तर कुरकुरून मोडला पाहिजे, वाकता कामा नये. आणि कांडपाहून आणलेली चटणी गरम असताना बरणीत भरू नका. ती ताटात पसरून पुरी निवू द्या, नाहीतर झाकणाच्या आतून घाम सुटतो आणि तेच पाणी खाली पडतं.

चटणी या शब्दाचंही जाता जाता सांगते. आपल्या कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. मुंबईच्या माणसाला चटणी म्हटलं की ओली, वाटलेली डोळ्यांसमोर येते, आणि नियमांतही फळांची किंवा भाज्यांची चटणी हा वेगळाच प्रकार आहे. कुठलं प्रिझर्व्हेटिव्ह किती चालतं, हे प्रकारावर ठरतं. म्हणून लेबलवर 'कांदा-लसूण मसाला' लिहा, घरात चटणीच म्हणा.

ओल्या चटणीवरून माझीच एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका लहान उद्योगासाठी मी ओल्या खोबऱ्या-लसणाच्या चटणीत बेन्झोएट घालायला सांगितलं. मोजून, नियमात बसवून. दहा दिवसांत बरण्यांच्या तोंडाशी हिरवट लव आली. चाळीस बरण्या ओतून द्याव्या लागल्या, आणि त्या बाईंचं तोंड मला अजून दिसतं. कारण नंतर उमगलं, खरं तर शिकलेलं होतं पण हाताशी आलं नव्हतं. बेन्झोएट आंबट पदार्थातच काम करतं. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) साडेचारच्या खाली असेल तरच त्याचा पुरेसा भाग बेन्झोइक आम्लाच्या रूपात राहतो आणि बुरशीच्या पेशीत शिरू शकतो. खोबऱ्याच्या चटणीला आंबटपणा जवळजवळ नाहीच. तिथं ते नुसतं पडून राहिलं. सॉर्बेट हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह थोड्या कमी आंबट पदार्थांतही चालतं, साधारण पीएच साडेसहापर्यंत, पण तेही जादू नव्हे.

आणि ओला लसूण तेलात बुडवून ठेवणार असाल तर मात्र थांबा. बुरशीला हवा लागते, म्हणून तेलाचा थर तिला अडवतो, हे खरं. पण मातीतून लसणाबरोबर येणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू हवा नसेल तेव्हाच वाढतो, आणि त्याचं विष जिवावर बेतणारं असतं. कॅनडात व्हँकुव्हरमध्ये 1985 मध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळं एका हॉटेलात जेवलेल्या कितीतरी लोकांना अशी विषबाधा झाली. ना वास बदलतो, ना रंग. पीएच 4.6 च्या खाली आणला की हा जिवाणू वाढत नाही. म्हणून ओल्या लसणाला लिंबू किंवा व्हिनेगर हवंच, मोजून हवं, आणि वर फ्रीजही हवा. एकाच तेलानं एका शत्रूला दार बंद केलं आणि दुसऱ्याला उघडलं. 'कशापासून' हा प्रश्न मी एवढा का लावून धरते, ते यावरून कळेल.

आता तुमचा मीठ-तेलाचा प्रश्न. 2011 च्या अन्न नियमांत प्रिझर्व्हेटिव्हचे दोन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गात मीठ, साखर, मसाले, व्हिनेगर, मध आणि खाद्यतेल. होय, तुमच्या फडताळातलंच सगळं. यांना सहसा मर्यादा नाही. दुसऱ्या वर्गात बेन्झोइक आम्ल आणि त्याचे क्षार, सल्फाइट, सॉर्बिक आम्ल, नायट्राइट, प्रोपिओनेट, नायसिन वगैरे. यांना पदार्थागणिक मर्यादा आहे, आणि यांची नावं किंवा आयएनएस क्रमांक (अॅडिटिव्हना, म्हणजे अन्नात मुद्दाम घालायच्या अशा वस्तूंना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक) लेबलवर द्यावे लागतात: 211 म्हणजे सोडियम बेन्झोएट, 202 पोटॅशियम सॉर्बेट, 224 पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला आपण केएमएस म्हणतो. त्यामुळं खारातल्या कैरीच्या लोणच्याला 'यात प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही' म्हणणं शब्दाच्या दृष्टीनं खोटं आहे. मीठ आहे ना! लोकांना म्हणायचं असतं ते 'दुसऱ्या वर्गातलं काही घातलेलं नाही'.

लोणच्यात बेन्झोएट घालणारच असाल, तर मोजमाप एकदा डोळ्यांनी बघा. त्याच नियमांत लोणच्यासाठी बेन्झोइक आम्लाची मर्यादा 250 पीपीएम, म्हणजे किलोला 250 मिलिग्रॅम. बाजारात मिळतो तो क्षार असतो आणि तो जरा जड, म्हणून किलोला सुमारे 295 मिलिग्रॅम सोडियम बेन्झोएट, दहा किलोला तीन ग्रॅमच्या आत. आता चिमूट बघा. तीन बोटांत धरलेली पूड सहज अर्धा ग्रॅम भरते. किलोभर लोणच्यात एक चिमूट टाकली की तुम्ही मर्यादा ओलांडलीत, आणि "थोडंसंच घातलं" असं मनापासून म्हणालात तरी प्रयोगशाळेला ते पटणार नाही. दागिन्यांचा वजनकाटा आणा, अर्ध्या वाटी उकळून निवलेल्या पाण्यात पूड पुरती विरघळवा, मग कालवा. कोरडी पूड वरून भुरभुरली तर एका बरणीत जास्त, दुसरीत काहीच नाही. छापण्याआधी त्या वर्षीची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या यादीत पुन्हा बघून घ्या, ती बदलत असते.

जांभळाच्या सरबताला केएमएस नको. सल्फाइट रंग उडवतं, आणि जांभळाचा रंग गेला तर विकायला काय उरलं? कोकम, करवंद, जांभूळ यांना बेन्झोएट. लिंबू, पन्हं यांना केएमएस चालतं.

रंग उडवण्यावरून गुळाचं बोललंच पाहिजे, कारण कोल्हापुरात हा शब्द सगळ्यात जास्त गुऱ्हाळावर चुकतो. काहिलीत रस उकळताना भेंडीचा रस घालतात, मळी वर येते, गुळव्या ती काढतो. हे शुद्धीकरण. काही ठिकाणी वरून हायड्रॉस टाकतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. गूळ पिवळाधमक दिसतो. विचारलं की उत्तर येतं, "टिकायला घालतोय". ते टिकायला नसतं, रंगाला असतं, आणि तो रंगही साठवणीत पुन्हा काळवंडतो. गंधकाचा अंश मात्र गुळात राहतो. गूळ टिकतो तो नीट गाठलेल्या पाकामुळं आणि कमी पाण्यामुळं. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्या नावाचा तांबूस-तपकिरी रवा, म्हणजे गुळाची ढेप, बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अन्नाबाहेरही हा शब्द आहे. चपलेच्या चामड्याचं उदाहरण घ्या. कच्चं कातडं कुजू नये म्हणून त्याला मीठ चोळतात, ते मीठ प्रिझर्व्हेटिव्ह. नंतर हिरडा आणि बाभळीच्या सालीत ते कमावतात. सालीतलं टॅनिन कातड्याशी जोडलं जाऊन त्याचं चामडं होतं, वस्तूच बदलते, म्हणून इंग्रजीत त्याला टॅनिंग म्हणतात, प्रिझर्व्हेटिव्ह नाही. लाकडाला मात्र तोच शब्द, वुड प्रिझर्व्हेटिव्ह. तांबं-क्रोम-आर्सेनिकचं जगभर वापरलं गेलेलं मिश्रण सोंती कामेशम या आपल्याच शास्त्रज्ञानं 1933 मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत शोधलं. धान्याला एरंडेल चोळतो किंवा कडुलिंबाचा पाला घालतो, ते किडीसाठी. काही घरांत तांदळाला बोरिक पावडर चोळतात, ते कृपा करून बंद करा. अन्नात बोरिक आम्लाला आपल्याकडं परवानगी नाही, धुऊन ते सगळं जाईल याचा भरवसा नाही.

फॉर्मेलिनचंही तसंच. दुधाचा नमुना तपासणीला जाईपर्यंत नासू नये म्हणून त्यात फॉर्मेलिनचे थेंब टाकतात. नमुन्यासाठी ते प्रिझर्व्हेटिव्ह. तेच पिण्याच्या दुधात टाकलं तर भेसळ आणि विष. वस्तू एक, बाटलीही कदाचित एकच. कशाला, कशापासून आणि कुणासाठी, एवढ्यानं नाव बदललं.

आणि ते 'आधी'. माल बुरसल्यावर वरचा थर काढून उरलेल्यात बेन्झोएट घालणारे मी पाहिलेत. बुरशीनं आत सोडलेलं काही त्यानं निघत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह चांगल्या मालाला चांगलं ठेवतं, वाईटाला चांगलं करत नाही.

आता लेबल. 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत 'अमुक घातलेलं नाही' म्हणायला अटी आहेत: ते तुम्ही घातलेलं नसावं, दुसऱ्या घटकातून आलेलंही नसावं, त्या पदार्थात ते घालायची परवानगी असावी, आणि त्याच्या जागी तेच काम करणारं दुसरं अॅडिटिव्ह घातलेलं नसावं. म्हणजे तयार आलं-लसूण पेस्टचं पाकीट वापरत असाल तर ते उलटून बघा. त्यावर 211 किंवा 202 असेल, तर ते तुमच्या मालातही आलं. रिफाइंड तेलाच्या डब्यावर 319 असेल तर ते अँटिऑक्सिडंट आहे, तेही टिपून ठेवा.

हे सगळं पाहून लोणच्यावर मी असं लिहीन: 'घटक: कैरी, मीठ, तेल, मोहरी, मिरची, मेथी, हळद, हिंग. मीठ आणि तेलात टिकवलेलं. वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं नाही.' इंग्रजीत 'नो अॅडेड प्रिझर्व्हेटिव्हज', शेवटी अनेकवचनाचा 'ज' धरून, 'अॅडेड' न गाळता. सरबतावर 'प्रिझर्व्हेटिव्ह आयएनएस 211' सरळ छापा, लपवू नका. मसाल्यावर हा दावाच टाकू नका. ज्यात तसंही काही घालायचं नसतं त्यावर तो शोभत नाही, आणि त्या प्रकारात परवानगी नसेल तर नियमातही बसत नाही. तिथं ती ओळ 'कोरडा चमचा वापरा' या सूचनेला द्या, अक्षर मोठं ठेवा.